अजिंठ्याचे जतनकर्ते : मरहूम गुलाम याझदानी

हैदराबाद संस्थानच्या पुराणवस्तू खात्याचे पहिले संचालक मरहूम गुलाम याझदानी यांचे नाव इतिहासाच्या अभ्यासकांना चांगले परिचित आहे. परंतु ज्या मराठवाड्याच्या भूमीवर त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे कार्य झाले, त्या मराठवाड्यातील शाळा-महाविद्यालयांत त्यांचा उल्लेख क्वचितच होतो. अजिंठ्याला सहलीस गेलेल्या मुलांना मार्गदर्शक सांगतो, की १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीस आला आणि त्याला लेणी दिसली. (आसपासच्या खेड्यांतील गुराख्यांना ती त्याआधीही दिसतच होती, ही गोष्ट वेगळी!) लेणी सापडल्यावर पुढच्या शंभर वर्षांत त्यांतील चित्रांची काय दशा झाली आणि ती गळून पडत असता त्यांना भिंतीशी धरून ठेवण्याची खटपट कोणी केली, हे मात्र कोणी सांगत नाही. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी हा विषय निवडला.

याझदानी साहेबांचा जन्म २२ मार्च १८८५ रोजी दिल्ली येथे झाला. १८५७ च्या उठावाला तेव्हा अवघी अठ्ठावीस वर्षे झाली होती. त्यांचे शिक्षण दिल्लीच्या सेंट स्टीफन्स महाविद्यालयात झाले. अरबी व फारसी या भाषांवर त्यांचे उत्तम प्रभुत्व होते आणि त्याच बळावर ते सरकारी महाविद्यालयांत अध्यापक झाले, प्रथम बंगालमधील राजशाही येथे आणि नंतर लाहोरला. म्हणजे पेशाने ते मूळचे शिक्षक. पुराणवस्तूंकडे ते वळले ते शिलालेखांच्या वाटेने. मशिदी, दर्गे, किल्ल्यांचे दरवाजे, विहिरी यांवर अरबी-फारसीत कोरलेले लेख वाचून त्यांची तारीख व अर्थ ठरविणे, हे काम भाषा जाणणाऱ्या माणसाचेच होय. अशा लेखांसाठी सरकारतर्फे ‘एपिग्राफिया इंडो-मोस्लेमिका’ हे नियतकालिक निघत असे. त्याचे संपादन १९१५ पासून सुमारे पंचवीस वर्षे याझदानी साहेबांनी केले. आपल्याकडील कित्येक कबरी आणि दरवाजे कोणी, कधी बांधले हे आज आपण खात्रीने सांगू शकतो, त्याच्या मागे हे संपादन आहे.

१९१४ साली हैदराबाद संस्थानाने पुराणवस्तू खाते सुरू केले. त्या वेळी संस्थानच्या गृहखात्याचे सचिव असलेले अकबर हैदरी यांचा या कामी मोठा पुढाकार होता. हैदरी हे मुंबईचे. अजिंठा-वेरूळविषयी त्यांना मनापासून आस्था होती. या नव्या खात्याचा संचालक म्हणून एकोणतीस वर्षांच्या याझदानींची निवड झाली आणि निवृत्तीपर्यंत, म्हणजे १९४३ पर्यंत, ते त्याच जागी राहिले.

हे खाते निघाले तेव्हा संस्थानचा कारभार उर्दूत चालत होता. राजा मुसलमान, प्रजा बहुसंख्य हिंदू, आणि मुलुख तीन भाषांचा होता : तेलंगण, मराठवाडा आणि कन्नड जिल्हे. या मुलुखात बौद्ध, जैन व ब्राह्मणी लेणी होती, काकतीयांची मंदिरे होती, बहामनी व बरीदशाही महाल होते आणि खुद्द आपल्या छत्रपती संभाजीनगरला (त्या वेळच्या औरंगाबादला) बीबीचा मकबरा होता. यांपैकी काय जपावयाचे आणि काय पडू द्यावयाचे, हे संचालकाच्या हाती असे. याझदानींनी यांत निवडानिवड केली नाही. त्यांच्या ग्रंथांची यादीच त्याची साक्ष देते. पालमपेटच्या मंदिरांवर त्यांनी १९२२ मध्ये ग्रंथिका लिहिली. रामप्पा मंदिर ते हेच. २०२१ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशात घेतले, तेव्हा वर्तमानपत्रांत पुष्कळ लिहून आले, परंतु शंभर वर्षांपूर्वी त्या मंदिरावर लिहिणाऱ्या याझदानींचा उल्लेख फारसा वाचनात आला नाही. पुढे १९२९ मध्ये मांडूवर आणि १९४७ मध्ये बीदरवर त्यांचे ग्रंथ निघाले. या सर्वांवर कळस म्हणजे अजिंठ्याचे चार भाग.

खाते सुरू होऊन वर्षही झाले नसेल तोच एक मोठा योग आला. रायचूर जिल्ह्यातील मस्की येथे सोन्याच्या शोधात फिरणाऱ्या बीडन नावाच्या अभियंत्याला १९१५ मध्ये एका खडकावर ब्राह्मी लिपीतील लेख आढळला. तोपर्यंत देशभर सापडलेल्या अशा लेखांत राजाची केवळ बिरुदे येत. तो राजा म्हणजे अशोकच, हे विद्वानांनी इतर साधनांवरून ताडले होते. मस्कीच्या लेखात ‘अशोक’ हे नाव प्रत्यक्ष कोरलेले निघाले. खात्याच्या प्रकाशनमालेचा पहिला अंक याच लेखावर निघाला आणि तो कृष्णशास्त्री यांनी लिहिला. पुढे पस्तीस वर्षांनी स्वतंत्र भारताने सारनाथच्या अशोकस्तंभावरील सिंह आपली राजमुद्रा म्हणून घेतले. तो अशोक तोच, हे नावानिशी सांगणारा दगड निजामाच्या राज्यात सापडला होता आणि तेथल्याच खात्याने तो जगापुढे मांडला होता!

आता अजिंठ्याकडे वळू. याझदानींच्या आधीची हकीकत सांगितल्याशिवाय त्यांच्या कामाचे मोल कळणार नाही. लेण्यांची बातमी पसरल्यावर साहेब मंडळी येऊ लागली आणि संग्रहालयासाठी नमुने नेऊ लागली. डॉ. बर्ड नावाच्या गृहस्थांनी सतराव्या लेण्यातील चित्राचे चार तुकडे भिंतीवरून सोलून काढले. त्यांचा हातातच भुगा झाला. एक तुकडा एका लष्करी अधिकाऱ्याच्या घराण्यात राहिला, १९२२ मध्ये लंडनच्या लिलावात विकला गेला आणि अमेरिकेतील बोस्टनच्या संग्रहालयात जाऊन बसला. मद्रास फौजेचे रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून वर्षानुवर्षे अजिंठ्याला राहून मोठमोठ्या नकला केल्या. त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या असता १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स आपल्या हिंदी विद्यार्थ्यांना घेऊन आले. १८७२ पासून तेरा वर्षे काम चालले. त्या नकलाही लंडनला गेल्या आणि त्यांतील बराच भाग १८८५ च्या दुसऱ्या आगीत गेला. ग्रिफिथ्सच्या मंडळींनी रंग उठून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर वार्निश फिरविले, तेही चित्रांना बाधले. यांखेरीज वटवाघळे, पावसाचे पाणी, गोसाव्यांच्या धुन्यांचा धूर आणि आपले नाव भिंतीवर कोरून ठेवणारे हौशी प्रेक्षक होतेच. हा शेवटला वर्ग अद्यापि संपलेला नाही.

थोडक्यात, संग्रहालयाच्या हव्यासानेच अजिंठ्याचे बरेच नुकसान केले होते. चित्र भिंतीवरून काढून लंडनला किंवा कलकत्त्याला नेले, की ते वाचले, अशी त्या काळची समजूत होती. फ्रान्समध्ये १७९३ साली राजवाड्यातील वस्तू लूव्र येथे प्रजेसाठी खुल्या करण्यात आल्या, तेव्हा त्यामागे एक विचार होता : या वस्तू राजाच्या नव्हेत, राष्ट्राच्या आहेत. आपल्याकडे संग्रहालय आले ते या विचाराने नव्हे. कलकत्त्याचे १८१४ चे संग्रहालय काय किंवा मुंबईत भायखळ्याला १८७२ मध्ये उघडलेले काय (१९७५ पासून ते डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते), राज्यकर्त्यांना आपल्या ताब्यातील मुलखात काय काय पिकते, काय बनते आणि काय सापडते याची मांडणी तेथे होती. सामान्य माणसाने त्याला नावेही तशीच दिली : उर्दूत अजायबघर, बंगालीत जादूघर. लोक तेथे चमत्कार पाहावयास जात. ‘हे माझे आहे’ असे वाटावे अशी ती जागा नव्हती.

याझदानींनी अजिंठ्याच्या बाबतीत उलटी वाट धरली. चित्र जेथे आहे तेथेच राहील आणि त्याची निगाही तेथेच होईल, असे धोरण ठरले. खात्याने लेण्यांतील गाळ काढला आणि पावसाचे पाणी वळविले. भित्तिचित्रांच्या जतनाचे शास्त्र त्या वेळी इटलीत सर्वांत पुढे होते, म्हणून तेथून लोरेंझो चेक्कोनी आणि त्यांचे सहकारी काउंट ऑर्सिनी यांना बोलावण्यात आले. १९२० ते १९२२ या काळात हिवाळ्याच्या मोसमांत त्यांनी काम केले. येथील चित्रांची घडण समजून घेतली, की हे काम किती नाजूक होते ते ध्यानी येते. खडकावर मातीचा लेप आहे. त्या मातीत भुसा आणि तंतू कालविलेले आहेत. वर चुन्याचा पातळ थर आणि त्यावर रंग. खडक आणि माती यांची पकड सुटली, की अख्खा पापुद्रा फुगतो आणि एके दिवशी खाली येतो. तो फुगलेला भाग पुन्हा खडकाला चिकटविणे, तुटलेल्या कडांना गिलाव्याची पट्टी देऊन आधार देणे, धूर आणि मळ काढणे, असे ते काम होते. खात्याची माणसे ते काम शिकली आणि पाहुणे गेल्यावर त्यांनीच ते पुढे चालविले.

या माणसांत सय्यद अहमद यांचे नाव अवश्य घेतले पाहिजे. ते चित्रकार होते. १९०९ ते १९११ या दरम्यान लेडी हेरिंगहॅम या विदुषी अजिंठ्याच्या नकला करण्यासाठी आल्या, तेव्हा बंगालहून नंदलाल बोस, असितकुमार हलदार आदी तरुण आले, आणि हैदराबादकडून सय्यद अहमद गेले. पुढे ते लेण्यांचे क्युरेटर झाले. त्यांनी आणि महंमद जलालुद्दीन यांनी केलेल्या अजिंठ्याच्या नकला हैदराबादच्या संग्रहालयात आहेत. नंदलाल बोस पुढे शांतिनिकेतनात नामवंत झाले आणि भारतीय संविधानाच्या मूळ हस्तलिखिताची पाने त्यांनी व त्यांच्या शिष्यांनी सजविली. अजिंठ्याच्या ओसरीत कंदिलाच्या उजेडात गिरविलेली रेषा अशी दोन वाटांनी गेली. एक वाट संविधानाच्या पानांवर पोहोचली, तिची कीर्ती झाली. दुसरी हैदराबादच्या भिंतीवर राहिली.

आता अप्रिय भागही सांगितला पाहिजे. चित्रे पक्की राहावीत म्हणून त्या वेळी त्यांवर लाखेच्या पातळ द्रावणाचा, म्हणजे शेलॅकचा, थर देण्यात आला. त्या काळच्या शास्त्राप्रमाणे हा उपाय योग्य समजला जाई. काही वर्षांनी ती लाख पिवळी, मग तपकिरी झाली आणि चित्रे अंधारून आली. १९५३ पासून अजिंठा केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे. ही लाख उतरविण्याचे काम त्या खात्याच्या रसायनशास्त्रज्ञांना फार वर्षे करावे लागले आणि अलीकडच्या पंचवीस वर्षांत तर त्यातून अगदी जुन्या लेण्यांतील चित्रेही पुन्हा दिसू लागली आहेत. याझदानींवर यासाठी टीका झाली आहे आणि ती खोटी नाही. माझे मत एवढेच, की लाख उतरविता येते. भिंतीवरून गळून पडलेला पापुद्रा परत येत नाही. १९२० मध्ये ती पकड दिली गेली नसती तर आज लाख उतरवायला काय उरले असते, याचाही विचार टीकाकारांनी करावा.

जतनाच्या पाठोपाठ प्रकाशन आले. ‘अजंता’ या ग्रंथाचा पहिला भाग १९३० मध्ये, दुसरा १९३३ मध्ये, तिसरा १९४६ मध्ये आणि चौथा १९५५ मध्ये निघाला. रंगीत छायाचित्रे व्हॅसी यांनी घेतली. पहिल्या भागाला लॉरेन्स बिन्यन यांचा कलाविषयक लेख आहे. याझदानींनी एकेका भिंतीवरील प्रसंग घेऊन तो कोणत्या जातककथेचा, त्यातील माणसे कोण, वस्त्रे-अलंकार कोणते, हे सावकाश समजावून दिले आहे. या पंचवीस वर्षांत काय घडले पाहा. पहिले भाग निजाम सरकारच्या खर्चाने आणि नावाने निघाले, शेवटचा निघाला तेव्हा निजामाचे राज्य उरले नव्हते आणि हैदराबाद हे भारतीय संघराज्याचे एक राज्य होते. लेखक तोच, भिंतीही त्याच, पण मालक बदलला. ग्रंथाच्या आतील वर्णनात मात्र काही फरक करावा लागला नाही.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने लिहितो. निजाम सरकारने अजिंठ्यावर खर्च केला त्यात कलेच्या प्रेमाइतकाच लौकिकाचाही भाग होता. सुधारलेले राज्य म्हणून जगात नाव व्हावे, इंग्रज सरकारपुढे मान राहावा, हा हेतू होताच. इटलीहून तज्ज्ञ येत होते आणि भारी कागदावर चित्रे छापली जात होती, त्याच वेळी मराठवाड्याच्या खेड्यांत मुलांना मातृभाषेतून शिकवणारी शाळा मिळणे दुरापास्त होते. लेण्यांच्या आसपास राहणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला ते ग्रंथ वाचता येणे शक्यच नव्हते. ते इंग्रजीत होते आणि किमतीने राजेरजवाड्यांसाठी होते. याझदानी नोकर होते, धोरण त्यांचे नव्हते हे खरे. तरी शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेत ही बाजू वगळून चालणार नाही.

हैदराबादच्या बागे-आममध्ये १९३० साली संस्थानचे संग्रहालय स्थापन झाले. याझदानींच्या खात्याची ती दुसरी मोठी कामगिरी. तेथे बौद्ध शिल्पे, जैन मूर्ती, कांस्यमूर्ती, नाणी, हस्तलिखिते, बिदरी काम, शस्त्रे आणि अजिंठ्याच्या नकला आहेत. शिवाय इजिप्तची एक ममी आहे, आणि मुलांची गर्दी तिच्याभोवतीच असते. या संग्रहालयाचा इतिहास मला फार बोलका वाटतो. प्रथम ते हैदराबाद संग्रहालय होते. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली, मराठवाडा मुंबई राज्यात गेला, कन्नड जिल्हे म्हैसूरला गेले आणि उरलेला भाग आंध्र प्रदेशात गेला. मग ते आंध्र प्रदेशचे राज्य संग्रहालय झाले. २०१४ मध्ये तेलंगण वेगळे झाल्यावर तेच तेलंगणाचे राज्य संग्रहालय झाले. कपाटे तीच आहेत. पाटीवरचे नाव बदलले, की आत शिरणारा माणूस त्याच वस्तूंकडे ‘आमचे पूर्वज’ म्हणून बोट दाखवितो, पण त्या ‘आम्ही’मध्ये कोण कोण येते ते दर वेळी वेगळे असते.

आपल्या तालुक्याचा या गोष्टीशी प्रत्यक्ष संबंध आहे. १९३७ साली याझदानींच्या खात्याने पैठणला उत्खनन केले. पैठण म्हणजे सातवाहनांचे प्रतिष्ठान. चितेगावहून एसटीने पैठणला जाताना मुलांना मी हे नेहमी सांगतो आणि मुले खिडकीतून उसाच्या गाड्या मोजत बसतात! या उत्खननात सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष, नाणी, मणी, मातीच्या मूर्ती निघाल्या. त्या वेळी राजधानी हैदराबाद, म्हणून वस्तू हैदराबादच्या संग्रहालयात गेल्या. प्रांतरचनेत जिल्हे वाटले गेले, कचेऱ्यांची दप्तरे वाटली गेली, संग्रहालय मात्र हैदराबादलाच राहिले. त्यामुळे सातवाहनांना आपले म्हणणारा मराठी माणूस त्यांच्या राजधानीतील ते मणी पाहण्यासाठी तेलंगणात जातो. यात अन्याय झाला असे मी म्हणत नाही. सातवाहन तेलुगू लोकांचेही तितकेच, आणि ते स्वतः कोणत्या राज्याचे हे त्यांना कोणी विचारले असते तर त्यांना प्रश्नच कळला नसता.

सुदैवाने पैठणची सगळीच संपत्ती बाहेर गेली नाही. पैठणच्या पांढरीत शेतकऱ्याने फावडे घातले की मणी, खापरे, नाणी निघत. पोरे ती खेळायला घेत, काही वस्तू बाजारात जात. पैठणचे बाळासाहेब पाटील यांनी अशा वस्तू आयुष्यभर जमविल्या. त्यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय आज पैठणला आहे. याझदानींच्या हाती सरकारचा खजिना होता, पाटलांच्या हाती पिशवी होती. अभ्यासकाला आज दोन्हींचा उपयोग होतो.

१९४७ साली देशाची फाळणी झाली. वस्तूंचीही झाली. मोहेंजोदडोच्या उत्खननातील वस्तू भारत-पाकिस्तानात वाटल्या गेल्या, तेव्हा एकाच दागिन्याचे मणी सोडवून अर्धे इकडे, अर्धे तिकडे देण्यात आले. लाहोरच्या संग्रहालयाचीही अशीच वाटणी झाली. याझदानी दिल्लीचे. त्यांनी शिकविले होते ते राजशाही आणि लाहोर दोन्ही आता परदेशात गेले होते. ते स्वतः हैदराबादला राहिले. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने संस्थान भारतात विलीन झाले. त्याच्या आधी रझाकारांच्या हातून आणि त्यानंतर सूडाच्या भरात जे घडले ते मराठवाड्यातील दोन्ही समाजांच्या वडीलधाऱ्यांनी सोसले आहे. ज्या राज्याची आयुष्यभर चाकरी केली ते संपले आणि याझदानी अजिंठ्याच्या उरलेल्या भागांवर काम करीत राहिले.

नव्या राष्ट्राला आपली ओळख सांगण्यासाठी वस्तूंची गरज होतीच. १९४७-४८ च्या हिवाळ्यात लंडनच्या रॉयल अकादमीत हिंदी कलेचे मोठे प्रदर्शन भरले होते. देशभरच्या संग्रहालयांतून त्यासाठी मूर्ती व चित्रे गेली होती. परत आल्यावर ती दिल्लीला मांडण्यात आली आणि मग वाटले, की आता ही परत कशाला पाठवावी? १५ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते, आज जे राष्ट्रपती भवन आहे तेथे, राष्ट्रीय संग्रहालय सुरू झाले. जनपथावरील त्याची स्वतंत्र इमारत १८ डिसेंबर १९६० रोजी उघडली. त्याच १५ ऑगस्ट १९४९ ला टपाल खात्याने पुराणवस्तूंच्या चित्रांची सोळा तिकिटे काढली. त्यांत ताजमहाल, कुतुबमिनार, विजापूरचा गोल घुमट, सुवर्णमंदिर, नटराज, सांची ही सर्व होती, आणि सर्वांत स्वस्त, तीन पैच्या तिकिटावर अजिंठ्याचे चित्र होते. दिल्लीचे संग्रहालय पाहणारे हजारांत मोजावेत, तिकीट मात्र घरोघर गेले. माझ्या मते आपले खरे पहिले राष्ट्रीय संग्रहालय हे सोळा तिकिटांचेच! आजही वीस रुपयांच्या नव्या नोटेवर वेरूळचे कैलास लेणे आहे. ती नोट खिशात घेऊन फिरणाऱ्या किती विद्यार्थ्यांनी ते ओळखले, याची चाचणी प्रत्येक वर्गशिक्षकाने अवश्य घ्यावी.

राष्ट्रीय संग्रहालयाबद्दल एक शंका मला फार दिवस आहे. तेथे प्रवेश केला की हडप्पा, मग मौर्य, गुप्त, चोळ अशी शिल्पांची दालने लागतात. मध्ययुग येते ते लघुचित्रे, पोशाख आणि शस्त्रांच्या रूपाने. हे कोणी द्वेषाने केले असे नाही. मंदिराची मूर्ती उचलून दालनात ठेवता येते. मशिदीची कमान, किल्ल्याची तटबंदी, बागेतला कालवा दालनात आणता येत नाही, आणता येते ती तलवार. परंतु त्यामुळे पाहणाऱ्या मुलाच्या मनावर काय ठसते? आधीचे लोक देव घडवीत आणि नंतरचे लोक तलवारी घडवीत, असे ठसते. औरंगाबादेतील मलिक अंबरचे नहर, ज्यांनी शहराला शतकानुशतके पाणी दिले, ते कोणत्याही काचेच्या पेटीत मावणारे नाहीत. हे संग्रहालय आता दिल्लीच्या नॉर्थ ब्लॉक व साउथ ब्लॉकच्या इमारतींत नव्या रूपाने उभारण्याची योजना २०२३ मध्ये जाहीर झाली आहे. तेथे मांडणी कशी होते, ते आपण डोळसपणे पाहिले पाहिजे.

याझदानींच्या कामात या शंकेचे उत्तर सापडते असे मला वाटते. त्यांनी वास्तू जागेवर जपल्या आणि जागेवरच वाचल्या. बीदरवरच्या ग्रंथात ते महाल, मदरसा, कबरी, पाणीपुरवठा असे सारे शहर फिरवून आणतात. अजिंठ्याच्या ग्रंथात बोधिसत्त्वाच्या चेहऱ्यावरील करुणा ते ज्या आदराने सांगतात, त्यात परक्याचा सूर कोठेही लागत नाही. नमाजी मुसलमानाने बुद्धाच्या चित्रासाठी आयुष्य का वेचावे, असा प्रश्न आज कोणी विचारील. त्या खात्यातल्या माणसांना तो पडलेला दिसत नाही. सय्यद अहमद, जलालुद्दीन, ख्वाजा महंमद अहमद या सर्वांनी तीच खिदमत केली.

संचालकपदावरून उतरल्यावरही त्यांचे लेखन थांबले नाही. दख्खनच्या प्राचीन इतिहासाचा दोन खंडांचा ग्रंथ त्यांच्या संपादनाखाली १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वाकाटकांवर नागपूरचे वा. वि. मिराशी यांनी लिहिले आहे, राष्ट्रकूटांवर अ. स. आळतेकर यांनी आणि चालुक्यांवर नीलकंठ शास्त्री यांनी. मराठी, तामिळ, बंगाली विद्वानांनी लिहावे आणि दिल्लीकडच्या मुसलमान पंडिताने ते हैदराबादेत बसून जुळवावे, असे ते काम होते. इंग्रज सरकारने त्यांना १९३६ मध्ये ओ. बी. ई. हा किताब दिला होता. भारत सरकारने १९५९ मध्ये पद्मभूषण देऊन त्यांचा गौरव केला. दोन राजवटींनी एकाच कामासाठी सन्मान करावा, असे भाग्य फार थोड्यांच्या वाट्यास येते. १३ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांचे निधन झाले.

अजिंठा आणि वेरूळ १९८३ साली युनेस्कोच्या यादीत गेली. तेव्हापासून परदेशी पाहुण्यांची ये-जा वाढली आहे, फर्दापूरला बसगाड्यांची रांग लागते, आणि आपल्या भागातील शाळांच्या सहली मात्र दोन तासांत लेणी उरकून परतीच्या वाटेला लागतात. संस्थेच्या शाळांनी यंदा सहल नेताना एक दिवस पूर्ण अजिंठ्यासाठी ठेवावा, अशी माझी सूचना आहे. अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते, हे ध्यानात घेऊन दिवस ठरवावा. पहिल्या लेण्यात पद्मपाणीसमोर सर्वच थांबतात. मुलांना तेथून थोडे बाजूला नेऊन, चित्र जेथे संपते आणि उघडा खडक सुरू होतो, तेथे तुटक्या कडेला दिलेली गिलाव्याची पट्टी दाखवावी.